अजून सिद्ध न झालेल्या वाइड रिसीव्हरांचे मोल कसे ठरवावे? (फँटसी फुटबॉल, हंगाम २०२५)

पाचवी_फेरी (एडिसन, न्यू जर्सी), २८ ऑगस्ट २०२५

नमस्कार. फँटसी फुटबॉलमध्ये आपण एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमधील खेळाडू निवडून आपापला संघ बनवतो, आणि त्यांच्या प्रत्यक्ष सामन्यांतील कामगिरीवर आपल्याला गुण मिळतात. आमच्या बारा जणांच्या लीगचा ड्राफ्ट (पाळीपाळीने खेळाडू निवडण्याची बैठक) परवा, म्हणजे शनिवारी ३० तारखेला संध्याकाळी आहे. घरी गणपती असल्यामुळे या आठवड्यात अभ्यासाला फारसा वेळ मिळालेला नाही, आणि जो थोडा मिळाला तो एकाच प्रश्नाभोवती फिरण्यात गेला, म्हणून येथे विचारतो आहे.

आमच्या लीगमध्ये प्रत्येक झेलाला अर्धा गुण, दहा यार्डांना एक गुण आणि टचडाउनला सहा गुण मिळतात. दर आठवड्याला तीन वाइड रिसीव्हर (पास झेलणारे खेळाडू) उतरवावे लागतात, त्याशिवाय एक फ्लेक्स (रिसीव्हर किंवा आक्रमणातील अन्य खेळाडू चालेल अशी जागा) असतो, आणि बेंचवर राखीव खेळाडूंच्या सहा जागा असतात. पहिल्या चार फेऱ्यांबद्दल मला फारशी चिंता नाही. तेथे कोणाला घ्यायचे याचा अंदाज आधीच्या हंगामांच्या आकड्यांवरून येतो. माझी अडचण पाचव्या फेरीपासून पुढे सुरू होते. याच टापूत एकीकडे जाकोबी मायर्स आणि कॅल्विन रिडली यांच्यासारखे खेळाडू आहेत, ज्यांनी २०२४ मध्ये हजार यार्डांचा टप्पा ओलांडला आणि ज्यांच्याकडून काय मिळेल हे साधारणपणे ठाऊक आहे. दुसरीकडे टेटाइरोआ मॅकमिलन, ट्रॅव्हिस हंटर, एमेका एग्बुका आणि मॅथ्यू गोल्डन हे चौघे आहेत, ज्यांनी एनएफएलमध्ये अजून एकही अधिकृत सामना खेळलेला नाही. हातचे सोडून पळत्याच्या पाठीमागे लागू नये, हे मला पटते. पण दरवर्षी आमच्या लीगमध्ये जो जिंकतो त्याच्याकडे असा एक तरी पळता असतोच, हेही मी पाहिलेले आहे.

गेल्या वर्षी मी बेंचवर तीन नवोदित रिसीव्हर ठेवले होते. त्यांपैकी एकाला मी तिसऱ्या आठवड्यानंतर सोडून दिले, आणि डिसेंबरमध्ये बाद फेरीच्या सामन्यात तोच खेळाडू प्रतिस्पर्ध्याच्या संघात होता. दुसऱ्याला मात्र मी नोव्हेंबरपर्यंत धरून बसलो आणि त्याने मला काहीही दिले नाही. म्हणजे एकदा घाई झाली आणि एकदा उशीर झाला, आणि दोन्ही वेळा माझ्यापाशी निर्णयाला आधार असा काही नव्हता. मला नेमके कोणाला घ्यावे याची यादी नको आहे. ज्याने अजून काही सिद्ध केलेले नाही अशा खेळाडूचे मोल कोणत्या पद्धतीने ठरवावे, आणि हंगाम सुरू झाल्यावर ते मत केव्हा बदलावे, हे समजून घ्यायचे आहे.

आकडेमोड

आपला प्रश्न योग्य ठिकाणी बोट ठेवणारा आहे, कारण बहुतेक चर्चा ‘हा खेळाडू चांगला आहे का’ याभोवतीच घोटाळत राहते. फँटसीमध्ये त्या प्रश्नाला एकट्याने काही अर्थ नसतो. खेळाडू चांगला असूनही त्याची किंमत वाईट असू शकते.

मार्व्हिन हॅरिसन ज्युनियरचेच २०२४ चे उदाहरण घ्या. एनएफएलचे संघ नवे खेळाडू निवडतात त्या वार्षिक ड्राफ्टमध्ये ॲरिझोनाने त्याला चौथ्या क्रमांकावर निवडले होते आणि फँटसी ड्राफ्टमध्ये तो बहुतेक ठिकाणी पहिल्या फेरीच्या अखेरीस किंवा दुसऱ्या फेरीत गेला. त्याने ६२ झेल, ८८५ यार्ड आणि ८ टचडाउन केले. आपल्या लीगच्या नियमांनी ते १६७.५ गुण होतात. त्याच हंगामात जाकोबी मायर्सचे ८७ झेल, १,०२७ यार्ड आणि ४ टचडाउन होते, म्हणजे १७०.२ गुण, आणि तेही दोन सामने कमी खेळून. पदार्पणाच्या वर्षी ८८५ यार्ड आणि ८ टचडाउन ही कोणत्याही रिसीव्हरसाठी अभिमानाची कामगिरी आहे. पण ज्यांनी त्याच्यासाठी दुसरी फेरी खर्च केली त्यांनी त्याच्या यशाचे पूर्ण मोल आधीच मोजून दिलेले होते, आणि त्यामुळे तो अपेक्षेइतका खेळला असता तरी त्यांच्या पदरात वरचे काही पडणार नव्हते. त्याच वर्षीच्या नवोदितांपैकी ब्रायन थॉमस ज्युनियर (८७ झेल, १,२८२ यार्ड, १० टचडाउन) आणि लॅड मॅकॉन्की (८२ झेल, १,१४९ यार्ड, ७ टचडाउन) फँटसीच्या बाजारात हॅरिसनपेक्षा कितीतरी नंतर गेले आणि त्याच्या बरेच पुढे निघून गेले. रोम ओडुन्झे शिकागोकडे नवव्या क्रमांकावर गेला होता, आणि त्याचे ५४ झेल व ७३४ यार्ड झाले. एकाच वर्षी आलेल्या, एकाच पहिल्या-दुसऱ्या फेरीतून निवडलेल्या खेळाडूंमध्ये एवढे अंतर पडते आणि ते ऑगस्टमध्ये कोणालाही खात्रीने सांगता येत नाही. म्हणून सिद्ध न झालेल्या खेळाडूला एका आकड्याने मोजू नये, असे माझे मत आहे.

मी स्वतः कसे मोजतो ते सांगतो. पुढचे आकडे केवळ समजण्यासाठी घेतलेले आहेत. समजा, एक अनुभवी रिसीव्हर आठवड्याला १० गुण देतो. एका नवोदिताबद्दल आपला अंदाज असा आहे की चारपैकी तीन शक्यतांमध्ये तो ६ गुण देईल आणि एका शक्यतेत १५ गुण देईल. सरळ सरासरी ८.२५ येते, म्हणून अनुभवी खेळाडू सरस वाटतो. पण या हिशेबात एक गोष्ट सुटलेली आहे. तो ६ गुणांचाच ठरला तर आपण त्याला हंगामभर खेळवणार नाही, तर त्याला सोडून वेव्हरवरून (लीगमध्ये कोणाच्याही संघात नसलेल्या खेळाडूंमधून) दुसरा कोणीतरी उचलू. वेव्हरवर ८ गुण देणारा रिसीव्हर मिळत असेल, तर त्या तीन वाईट शक्यतांचे मोल ६ न राहता ८ होते आणि एकूण सरासरी ९.७५ वर जाते. दहा जणांच्या लीगमध्ये, जेथे दोनच रिसीव्हर उतरवायचे असतात, वेव्हरवर कदाचित ९ गुणांचा खेळाडूही पडून असेल, आणि तेथे नवोदिताचे मोल १०.५ होऊन तो अनुभवी खेळाडूच्याही वर जातो. उलट चौदा-सोळा जणांच्या लीगमध्ये वेव्हर कोरडा ठणठणीत असतो, तेथे पडलेला खेळाडू बदलायला काही नसते, आणि मग सव्वाआठच खरे.

यातून जो निष्कर्ष निघतो तो प्रथमदर्शनी उलटा वाटेल, पण तो नीट तपासून पाहावा: लीग जितकी लहान, तितके सिद्ध न झालेल्या खेळाडूचे मोल जास्त. आपली लीग बारा जणांची आहे, पण तीन रिसीव्हर आणि एक फ्लेक्स असल्यामुळे दर आठवड्याला छत्तीस ते चाळीस किंवा त्याहून अधिक रिसीव्हर मैदानात असतात, म्हणजे आपला वेव्हर बराच उथळ आहे. त्यामुळे पहिले तीन रिसीव्हर ठाऊक असलेले घ्यावेत, आणि चौथ्यापासून पुढे बेंचवर ‘बरा’ अनुभवी खेळाडू मुळीच ठेवू नये, असे मी म्हणेन. आठवड्याला ८ गुण देणारा, पण कधीच १५ न देणारा खेळाडू बेंचवर बसवण्याइतका अपव्यय दुसरा नाही, कारण तसा खेळाडू वेव्हरवर केव्हाही मिळतो. बेंचवर ज्याची मजल ठाऊक नाही तोच असावा.

मिनेसोटाकर

वरील हिशेब मला मान्य आहे. परंतु ‘चारपैकी एक’ हा अंदाज कशावरून करायचा आणि तो हंगामात केव्हा बदलायचा, हा प्रश्नकर्त्याच्या प्रश्नाचा अर्धा भाग त्यात राहून गेला आहे. त्याबद्दल मी थोडे विस्ताराने लिहितो, कारण मिनेसोटा व्हायकिंग्ज या संघाचा पाठीराखा म्हणून मी हे अगदी जवळून पाहिलेले आहे.

२०२० मध्ये आमच्या संघाने रिसीव्हर स्टेफॉन डिग्जला बफेलोकडे पाठवले आणि त्या व्यवहारात मिळालेल्या २२व्या क्रमांकावर जस्टिन जेफरसनला निवडले. म्हणजे ज्याची जागा रिकामी झाली त्याच्याच बदल्यात तो आला होता, आणि पासांचा मोठा वाटा कोणाकडे तरी जाणारच होता. तरीही पहिल्या सामन्यात त्याचे २ झेल आणि २६ यार्ड झाले, दुसऱ्यात ३ झेल आणि ४४ यार्ड झाले, आणि सुरुवातीच्या अकरामध्ये त्याचे नाव नव्हते. अनेकांनी त्याला त्याच आठवड्यात सोडून दिले. तिसऱ्या सामन्यात तो सुरुवातीपासून उतरला आणि टेनेसीविरुद्ध त्याने ७ झेलांत १७५ यार्ड व एक टचडाउन केला. हंगामाअखेर त्याचे ८८ झेल आणि १,४०० यार्ड होते. पहिल्या दोन सामन्यांतले त्याचे गुण पाहणाऱ्याला काही दिसले नाही. मात्र रिकामी जागा आणि त्याच्या पुढे खेळणाऱ्याची ताकद यांकडे ज्याने पाहिले, त्याला थांबण्याचे कारण होते.

म्हणून मी गुणांच्या आधी तीन गोष्टी पाहतो, आणि त्याही याच क्रमाने. क्वार्टरबॅक (पास टाकणारा खेळाडू) पास टाकण्यासाठी मागे सरकतो तेव्हा हा खेळाडू दर वेळी मैदानावर रूट (पास घेण्यासाठी ठरलेला मार्ग) धावतो आहे का? धावत असेल, तर त्याच्याकडे पास किती वेळा येतो? आणि पास आल्यावर तो किती यार्ड काढतो? यांतला तिसरा आकडा सर्वांत आकर्षक असतो आणि पहिल्या काही आठवड्यांत सर्वांत फसवाही असतो. एका ६० यार्डांच्या टचडाउनने बारा-साडेबारा गुण येतात आणि लोक वेव्हरवर तुटून पडतात, पण त्या सामन्यात तो खेळाडू आठच वेळा मैदानावर आलेला असू शकतो. याउलट ३५ रूट, ९ टार्गेट (त्याच्याकडे टाकलेले पास) आणि केवळ ४० यार्ड असा सामना दिसला तर मी त्या खेळाडूला बिनदिक्कत उचलतो. आपल्याला क्रिकेटची उपमा चटकन कळेल. सातव्या क्रमांकावर येऊन सहा चेंडूंत वीस धावा करणाऱ्या पोरापेक्षा तिसऱ्या क्रमांकावर पाठवला जाणारा आणि दोन डावांत लवकर बाद झालेला पोरगा हंगामाच्या शेवटी जास्त धावा करून जाण्याची शक्यता मोठी, कारण त्याला खेळायला चेंडू मिळणार आहेत.

पुका नाकुआ हे याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण आहे. रॅम्सने २०२३ मध्ये त्याला पाचव्या फेरीत, १७७व्या क्रमांकावर घेतले. मांडीच्या दुखापतीमुळे त्यांचा मुख्य रिसीव्हर कूपर कप पहिले चार सामने खेळू शकला नाही. नाकुआला पहिल्या सामन्यात १५ टार्गेट मिळाले आणि दुसऱ्यात २०. पाचव्या फेरीतल्या खेळाडूला एका सामन्यात पंधरा वेळा पास टाकला जातो तेव्हा प्रशिक्षक आणि क्वार्टरबॅक यांनी त्याच्याबद्दलचे आपले मत बोलून दाखवलेले असते, आणि आपण ते ऐकायचे असते. ‘कप परत आला की हा मागे पडेल’ असे म्हणून ज्यांनी त्याला पहिल्या महिन्यात विकले, त्यांच्या डोळ्यांदेखत तो १०५ झेल आणि १,४८६ यार्डांपर्यंत गेला, आणि नवोदिताने एका हंगामात केलेल्या यार्डांचा १९६० पासूनचा विक्रम मोडला.

आपण डिसेंबरमधील प्रसंगाचा उल्लेख केला आहे, म्हणून आमॉन-रा सेंट ब्राउनबद्दलही सांगायला हवे. डेट्रॉइट लायन्सने त्याला २०२१ मध्ये चौथ्या फेरीत घेतले. ५ डिसेंबरला, दुर्दैवाने आमच्याच विरुद्ध, सामन्याच्या अगदी अखेरच्या चेंडूवर त्याने आपला पहिला टचडाउन केला आणि लायन्सने त्या हंगामातील पहिला विजय मिळवला. त्या सामन्यापासून पुढच्या सहाही सामन्यांत त्याचे किमान आठ झेल झाले. असे का घडले? रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) डिआंद्रे स्विफ्ट खांद्याच्या दुखापतीने बाहेर होता, त्याच सामन्यात टाइट एंड (अडवणारा आणि पासही झेलणारा) टी. जे. हॉकन्सनही जखमी झाला, आणि ज्याच्याकडे जवळचे पास टाकावेत असे दुसरे कोणी उरले नाही. जागा मोकळी होण्याचे दिवस हंगामात कधीही येऊ शकतात. त्यामुळे आपण गेल्या वर्षी तिसऱ्या आठवड्यात घेतलेला निर्णय त्या दिवशीच्या माहितीवर कदाचित योग्यही असेल. चूक झाली असेलच, तर ती सोडून दिल्यानंतर त्याच्याकडे पुन्हा न पाहण्यात झाली असेल.

आणखी एक गोष्ट. सिद्ध न झालेला म्हणजे नवोदितच असे नव्हे. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात असे म्हणतात, पण रिसीव्हरांचे पाय कधी कधी तिसऱ्या वर्षी दिसतात. डावांते ॲडम्सचे पहिल्या दोन वर्षांत मिळून ४ टचडाउन होते आणि तिसऱ्या वर्षी, २०१६ मध्ये, एकाच हंगामात १२ झाले. ह्यूस्टनच्या निको कॉलिन्सचे पहिल्या दोन हंगामांत ४४६ आणि ४८१ यार्ड होते. २०२३ मध्ये सी. जे. स्ट्राउड आला आणि कॉलिन्सने १५ सामन्यांत १,२९७ यार्ड केले. खेळाडू तोच होता, पास टाकणारा हात बदलला होता. जॅक्सन स्मिथ-एन्जिग्बाचे पहिल्या वर्षी ६२८ यार्ड झाले तेव्हा तो सिअॅटलमध्ये मेटकाफ आणि लॉकेट यांच्यामागे तिसरा होता, आणि हंगामाआधी त्याचे मनगटही मोडले होते. दुसऱ्या वर्षी त्याचे बरोबर शंभर झेल झाले. नवोदितांच्या नावांभोवती ऑगस्टमध्ये इतका गलका असतो की दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातल्या अशा खेळाडूंची किंमत आपोआप खाली राहते, आणि शेवटच्या फेऱ्यांत मला ते अधिक आवडतात.

हातचा_राखून

दोन्ही प्रतिसाद वाचले. माझे मत थोडे वेगळे आहे आणि ते नोंदवणे मला आवश्यक वाटते.

प्रत्येक वेळी जेफरसन, नाकुआ आणि सेंट ब्राउन यांचीच नावे पुढे येतात. पण जे पडले त्यांची नावे आपण त्याच आस्थेने लक्षात ठेवत नाही. २०२० मध्ये जेफरसनच्या एकच क्रमांक आधी फिलाडेल्फियाने जेलन रेगरला निवडले आणि त्या वर्षी त्याचे ३९६ यार्ड झाले. २०१६ मध्ये लाक्वॉन ट्रेडवेल पहिल्या फेरीत गेला आणि पूर्ण हंगामात त्याने एक झेल घेतला. २०१७ मध्ये जॉन रॉस नवव्या क्रमांकावर गेला, तोही ४० यार्ड ४.२२ सेकंदांत धावल्यामुळे, आणि पदार्पणाच्या वर्षी त्याच्या नावावर एकही झेल नाही. २०१९ मध्ये न्यू इंग्लंडने पहिल्या फेरीच्या शेवटी निकील हॅरीला घेतले. त्याच्यानंतर डीबो सॅम्युएल, ए. जे. ब्राउन, डीके मेटकाफ आणि टेरी मॅक्लॉरिन हे चौघे निवडले गेले. ज्यांचा हा व्यवसाय आहे, ज्यांच्याकडे वर्षभर चित्रफिती पाहणारी माणसे आहेत, त्यांनाही हा क्रम नीट लावता आला नाही.

दुसरा मुद्दा असा की वर मांडलेल्या हिशेबात पडलेला खेळाडू पडला हे आपल्याला ताबडतोब कळते असे गृहीत धरलेले आहे. प्रत्यक्षात ते कळायला पाच-सहा आठवडे लागतात, त्या काळात बेंचची जागा अडून राहते, आणि विश्रांतीचे आठवडे (ज्यात एखाद्या संघाचा सामनाच नसतो) सुरू झाले की सहा जागा किती अपुऱ्या पडतात हे सर्वांना ठाऊक आहे. शिवाय नाकुआ बहुतेक लीगमध्ये ड्राफ्ट झालाच नव्हता, तो पहिल्या आठवड्यानंतर वेव्हरवर मिळाला. म्हणजे ऑगस्टमध्ये चार नवोदितांनी बेंच भरून ठेवणारा माणूस सप्टेंबरमध्ये त्याला घ्यायला कोणाला सोडावे या विवंचनेत होता. मी बेंचवर दोनच अशा जागा ठेवतो, आणि त्यांतली एक मनाने रिकामीच धरतो. चौथा रिसीव्हर मात्र मी मायर्ससारखाच घेतो. पहिल्या तिघांपैकी एक जण ऑक्टोबरपर्यंत जखमी होतोच, आणि त्या दिवशी ज्याला निःशंकपणे उतरवता येईल असा खेळाडू हाताशी लागतो.

पाचवी_फेरी

सर्वांचे मनापासून आभार. वेव्हरच्या खोलीनुसार मोल बदलते हा विचार मला अगदी नवा होता, आणि गेल्या वर्षीच्या आमच्या लीगच्या नोंदी काढून पाहिल्यावर आमचा वेव्हर किती उथळ होता हेही लक्षात आले. हातचा_राखून यांचा बेंचच्या जागांचा मुद्दाही पटतो. चौथा रिसीव्हर अनुभवी घ्यायचा आणि दोन किंवा तीन जागा अशा खेळाडूंसाठी ठेवायच्या, असे ठरवतो आहे. आता ही पद्धत मी सुरुवातीला लिहिलेल्या चार नावांना लावून दाखवावी, अशी विनंती आहे. यादी नको असे म्हटले होते खरे, पण उदाहरणाने अधिक कळेल.

मिनेसोटाकर

प्रयत्न करतो. येथे मी खेळाडूच्या गुणवत्तेपेक्षा त्याच्या वाट्याला येणाऱ्या जागेबद्दल अधिक लिहितो आहे, कारण गुणवत्तेबद्दलचा बाजाराचा अंदाज किमतीत आधीच धरलेला असतो.

मॅकमिलनची जागा चौघांत सर्वांत मोकळी आहे. कॅरोलिनाने त्याला आठव्या क्रमांकावर घेतले, गेल्या वर्षी पहिल्या फेरीत घेतलेल्या झेव्हियर लेगेटचे ४९७ यार्डच झाले, आणि काल, गणेश चतुर्थीच्याच दिवशी, ॲडम थीलनला त्यांनी आमच्याकडे मिनेसोटाला परत पाठवले. थीलन गेला म्हणजे त्यांच्या क्वार्टरबॅकचा, ब्राइस यंगचा, सर्वांत भरवशाचा माणूस गेला. ते पास कोठेतरी जाणारच. शंका यंगबद्दल आहे, ज्याला गेल्या वर्षी दोनच सामन्यांनंतर बाहेर बसवले गेले होते. परत आल्यावर तो निश्चित सुधारला, तरीही आक्रमण किती गुण करेल हे सांगता येत नाही. मॅकमिलनला टार्गेट मिळतील याची मला जवळजवळ खात्री आहे, टचडाउनची नाही. पण त्याची किंमतही चौघांत सर्वांत वर आहे आणि कालच्या बातमीनंतर ती शनिवारपर्यंत आणखी वर सरकेल. पाचव्या फेरीत मिळाला तर घ्यावा. त्याहून आधी घ्यावा लागला तर तो आपला तिसरा रिसीव्हर होईल, आणि ती जागा आपण ठाऊक असलेल्या खेळाडूसाठी ठेवली आहे.

एग्बुकाचे उलटे आहे. टॅम्पा बेमध्ये बेकर मेफील्डने गेल्या वर्षी ४,५०० यार्ड आणि ४१ टचडाउन पास टाकले, म्हणजे आडात पाणी भरपूर आहे. प्रश्न पोहऱ्याला जागा मिळण्याचा आहे. माइक इव्हान्स सलग अकरा हंगाम हजार यार्डांच्या वर गेलेला आहे आणि तो कोठेही जात नाही. परंतु ख्रिस गॉडविन गेल्या ऑक्टोबरमधील घोट्याच्या दुखापतीतून अजून पूर्ण सावरलेला नाही, जेलन मॅकमिलन मानेच्या दुखापतीने बाहेर आहे, आणि इव्हान्स या महिन्यात बत्तीस वर्षांचा झाला. सुरुवातीच्या आठवड्यांत एग्बुकाला पूर्ण वेळ मैदानावर राहावे लागेल, हे जवळजवळ ठरलेले आहे. म्हणजे आपल्याला उत्तर लवकर मिळेल, आणि माझ्या दृष्टीने याला वेगळे मोल आहे. हातचा_राखून यांनी म्हटल्याप्रमाणे बेंचची खरी किंमत प्रतीक्षेत जाते. ज्याच्याबद्दल तीन-चार आठवड्यांत कळणार आहे तो खेळाडू, ज्याच्याबद्दल नोव्हेंबरमध्ये कळेल अशा तितक्याच गुणी खेळाडूपेक्षा स्वस्त पडतो. चौघांत माझी पहिली पसंती त्यालाच आहे.

गोल्डनबद्दल मला आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असेच वाटते. ग्रीन बेने २००२ नंतर प्रथमच पहिल्या फेरीत रिसीव्हर घेतला, यावरून त्यांना तो किती हवा होता हे दिसते. पण गेल्या वर्षी तो संघ लीगमधील कमी पास टाकणाऱ्या संघांत होता, जॉश जेकब्जने तीनशेहून अधिक वेळा चेंडू घेऊन धाव घेतली, आणि त्यांच्या सर्वाधिक यार्ड करणाऱ्या रिसीव्हरचे, जेडन रीडचे, ५५ झेल होते. पहिल्या क्रमांकाचा माणूस ५५ झेलांवर थांबत असेल, तर दुसऱ्या-तिसऱ्याच्या वाट्याला काय येणार? ख्रिश्चन वॉटसन गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर बाहेर आहे म्हणून थोडी जागा आहे. तरीही येथे दोन गोष्टी बदलाव्या लागतील, संघाची पद्धत आणि खेळाडूचा क्रम, आणि दोन्ही एकाच वर्षी बदलणे कठीण आहे. दहाव्या फेरीच्या आसपास असेल तरच विचार करावा.

आकडेमोड

हंटरबद्दल मी लिहितो, कारण तो या हिशेबात सर्वांत अवघड बसतो. जॅक्सनव्हिलने पुढच्या वर्षीची पहिल्या फेरीतली निवडही देऊन त्याला दुसऱ्या क्रमांकावर घेतले, त्यामुळे त्याला खेळवले जाणार यात वाद नाही. पण तो रिसीव्हर आणि कॉर्नरबॅक (प्रतिस्पर्धी रिसीव्हरांना रोखणारा बचावपटू) असा दोन्हीकडे खेळणार आहे, आणि फँटसीत आपल्याला गुण फक्त एकाच बाजूचे मिळतात. त्याने बचावात घेतलेली प्रत्येक धाव त्याच्या दमातून वजा होते, दुखापतीचा धोका वाढवते, आणि आपल्या पारड्यात काहीही टाकत नाही. शिवाय तेथे ब्रायन थॉमस आधीच पहिल्या क्रमांकावर आहे. अशा खेळाडूच्या शक्यता मला तीन-एक अशाही मांडता येत नाहीत, कारण एवढ्या प्रमाणावर दोन्ही बाजूंना खेळणारा माणूस अलीकडच्या एनएफएलमध्ये कोणी पाहिलेलाच नाही आणि तुलनेला आधार नाही. गुणवत्ता अमाप आहे हे मान्य करूनही, पाचव्या-सहाव्या फेरीच्या किमतीला मी त्याला घेणार नाही.

प्रश्नकर्त्याला एक व्यवहाराची सूचना करतो. शनिवारी ड्राफ्ट संपला की ज्या दोघा-तिघांना बेंचवर घ्याल त्यांच्या नावापुढे त्याच रात्री लिहून ठेवा की चौथ्या सामन्यानंतर काय दिसले तर ठेवायचे आणि काय दिसले नाही तर सोडायचे. मी साधारणपणे असे लिहितो: संघाच्या पास खेळांपैकी पाचांत चार वेळा मैदानावर असावा आणि शेवटच्या दोन सामन्यांत मिळून किमान बारा टार्गेट असावेत. गुण कितीही असोत, हे दोन्ही असेल तर ठेवायचे. एकच असेल तर आणखी दोन आठवडे द्यायचे. दोन्ही नसेल तर सोडायचे, पण नाव पुसायचे नाही. दर मंगळवारी वेव्हर पाहताना त्याच्या पुढच्या खेळाडूंपैकी कोणी जखमी झाला आहे का, एवढे तपासून घ्यायचे.